एका फेरीत सगळी नावं

"मी दिलता त्यो कागद तरी दिसला का गं तुझ्या मशीनीत?" मोठी मायनं फोनवर विचारलं. मागे एसटीचा कंडक्टर पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडत होता, एक लेकरू रडत होतं, आणि ऋतुजा काही बोलायच्या आत वडवणीच्या पुढे कुठेतरी रेंज गेली आणि फोन बंद पडला. गेला आठवडाभर सगळ्यांनी तिला नको नको ते विचारलं होतं. मशीन कधी संपतं, मशीनला इंटरनेट लागतं का, मशीनमध्ये फोटो टाकून बघितला का. हा एवढा साधा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. आणि जिला अंगठ्यापलीकडे लिहिता येत नाही त्या बाईला तो गर्दीच्या एसटीत, उभ्याउभ्या सुचला, याचा तिला मनापासून राग आला. राग मोठी मायचा नव्हता, स्वतःचाच होता. पण सकाळी साडेनऊला तो नीट वेगळा काढता येत नव्हता.

कारण प्रश्न बरोबर होता. नऊ वर्षांपूर्वी मोठे बाबा, म्हणजे ऋतुजाच्या वडिलांचे थोरले भाऊ गहिनीनाथ, मेंढरांच्या तळावरून निघून गेले आणि परत आले नाहीत. मोठी माय, त्यांची बायको छबुबाई, स्वतः चौकीत जाऊन माणूस हरवल्याची नोंद करून आली होती. ती नोंद कुठेतरी आहे म्हणजे आहे. आणि ऋतुजाच्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता त्याच तालुक्याच्या, त्याच वर्षाच्या सगळ्या नोंदी होत्या. तरी तिचा प्रोग्रॅम मोठ्या बाबांच्या नावापुढे शून्य दाखवत होता. इतके दिवस तिने त्या शून्याचा अर्थ सरळ लावला होता: माणसाचा पत्ता नाही. पण जो कागद नक्की आहे तोसुद्धा दिसत नसेल, तर शून्य माणसाबद्दल काहीच सांगत नव्हतं. ते फक्त प्रोग्रॅमबद्दल सांगत होतं. आणि आज बारा वाजता कोर्टात तारीख होती. सात वर्षांवर माणसाची काहीच खबर नसली की त्याला मेलेला धरतात. तसा अर्ज मोठ्या बाबांच्या मुलाने, लखनदादाने केला होता, आणि आज मोठी मायनं शपथपत्रावर अंगठा करायचा होता की नवऱ्याची कुठूनही खबर नाही. वकिलाला सोबत हरवल्याच्या नोंदीचा नंबर हवा होता. लखनदादा चौकीत तीनदा जाऊन आला, तिथल्या कॉम्प्युटरवर मोठ्या बाबांचं नाव टाकलं की काहीच निघत नव्हतं. "तू बग बाई," तो म्हणाला होता. "सातबाऱ्यावर माझा बाप हाय, घरात न्हाई, मसनात बी न्हाई. कुठं तरी एका जागी लागू दे आता त्येला."

एका नोंदीवर दोघांचा डोळा होता. लखनदादाला नंबर हवा होता म्हणजे वडील एकदाचे संपतील. मोठी मायला त्या नोंदीच्या मागेपुढे आणखी एखादी ओळ हवी होती, ते कुठे दिसले, कुणाला भेटले, एवढी जरी असली तरी चालणार होती, म्हणजे अंगठा करावा लागणार नाही. आणि मधे ऋतुजा, एकतीस वर्षांची, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, अर्जुनरावांच्या ऑफिसात, इन्व्हर्टरच्या बीप-बीपमध्ये बसलेली.

काम मुळात अर्जुनरावांचं होतं. एका संस्थेने आठ-नऊ जिल्ह्यांतली रजिस्टरं टाइप करून घेतली होती. हरवलेल्यांच्या नोंदी, ग्रामीण रुग्णालयांच्या वह्या, बेवारस प्रेतांच्या नोटिसा, आश्रमांत आणून सोडलेल्या वेडसर म्हाताऱ्यांच्या याद्या. आणि वेगळी एक यादी, घरच्यांनी दिलेली, चार हजारांवर नावांची. या नावांपैकी कोणतं नाव त्या मजकुरात कुठे आहे ते काढून द्यायचं. अर्जुनरावांनी आधी एका पोराकडून करून घेतलं होतं. तो पोरगा एक नाव घ्यायचा, सगळा मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळायचा, मग दुसरं नाव घ्यायचा, पुन्हा पहिलं पान. चार हजार वेळा. दोन दिवस मशीन धापा टाकत होतं. मग ते ऋतुजाकडे आलं. तिने सी भाषेतली एक उघडी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं घेतलं, कुण्या परक्या माणसाने फुकट लिहून ठेवलेलं, आणि त्याच्यावर तीन महिने डोकं फोडलं. त्या परक्या माणसाला देवनागरी नावाची गोष्ट जगात आहे याचा पत्ता नव्हता, मेमरी मोकळी करायची त्याला सवय नव्हती, आणि कोडमध्ये टीप म्हणून त्याने फक्त एक हसरा चेहरा काढून ठेवला होता. अर्जुनराव रोज दारातून डोकावून म्हणायचे, "म्याडम, इतकं काहून घासताव? रेडिमेड मिळत आसंल की." ऋतुजाला वाटायचं, यांना एकदा रेडिमेड उचलून खिडकीतून खाली क्लासमध्ये टाकावं.

पण लायब्ररीची मुळातली युक्ती तिला पहिल्या दिवशीच कळली होती, आणि ती कळायला इंजिनिअरिंग लागलं नव्हतं. सकाळी वाघूर सोडताना, म्हणजे मेंढरांभोवती रात्रभर लावलेली जाळी एका कोपऱ्यात उघडताना, तिचे वडील आसाराम, तिचे दादा, त्या फटीपाशी उभे राहायचे. मेंढरं रेटारेटी करत बाहेर पडायची. दादा मोजायचे नाहीत. शेवटचं मेंढरू बाहेर पडलं की नुसतं म्हणायचे, "भुरी न्हाई आली, आन् त्ये लंगडीचं कोकरू." लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, प्रत्येकीचं नाव घेऊन कळपात बघता का म्हणून. दादा तिच्याकडे बघत राहिले होते. "एकेकीचं नाव घिऊन कळपात कशाला हिंडू? कळपच माज्या म्होरनं जातोय की." बस, एवढंच. नावं सगळी एकदम जागी असतात, मजकूर एकदाच पुढून जातो. एक अक्षर आलं की ज्या ज्या नावात ते बसतं ती ती नावं एक पाऊल पुढे सरकतात. आणि एखादं नाव अर्ध्यावर बिनसलं तर मागे पहिल्या पानाकडे धावायचं नाही. जुळलेल्या तुकड्याच्या शेपटीत दुसऱ्या कुणाच्या नावाची सुरुवात आहे का, तिथे जाऊन उभं राहायचं. कितीही नावं असोत, फेरी एकच. ऋतुजाला ही गोष्ट इतकी आवडली होती की तिने नवऱ्याला, हरिओमला, ती जेवताना दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा तो ताटावर पेंगला होता.

या यादीच्या शेवटी तिने गेल्या आठवड्यात संस्थेला न सांगता मोठे बाबा घातले. गहिनीनाथ, गैनीनाथ, गैनाथ, गैनीबा. तांड्यावर, बाजारात, मेंढ्यांच्या व्यापाऱ्यांत त्यांना ज्या ज्या नावांनी हाक मारायचे ती सगळी. हाका आठवताना तिला त्यांचा चेहरा नीट आठवत नव्हता याचं वाईट वाटलं होतं. आठवायची ती पाठ. खांद्यावर घोंगडं, हातातली काठी मानेमागे आडवी धरून दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबकळत सोडलेली, आणि चालताना दर दहा पावलांना जिभेने काढलेला टक् असा एक आवाज, कळपासाठी, किंवा कळप नसतानाही, सवयीने. दिवाळीनंतर सगळे मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरले होते. तिसऱ्या मुक्कामावर ते सकाळी चहापत्ती आणायला गावात जातो म्हणून गेले. चहापत्ती आणायला गेलेला माणूस. पुढे कितीतरी महिने ऋतुजाला वाटायचं, निदान कारण तरी जरा मोठं सांगायचं होतं. दादांनी दोन दिवस शोधलं; तिसऱ्या दिवशी कळप हलवावाच लागला, त्या शिवारात मेंढरांना खायला काही उरलं नव्हतं आणि शेतवाला काठी घेऊन बांधावर उभा होता. माणूस हरवला म्हणून मेंढरं उपाशी राहत नाहीत. यावरून मोठी माय दादांशी वर्षभर बोलली नव्हती.

दहा वाजले. खालच्या क्लासमधल्या सरांनी माइक सुरू केला आणि नफा-तोट्याची गणितं जिन्यावरून वर यायला लागली. ऋतुजाने दात आवळून लायब्ररी उघडली. चूक कुठे असेल? मजकूर मोठा, म्हणून तो तुकड्यातुकड्याने वाचला जातो. समजा मोठ्या बाबांचं नाव नेमकं दोन तुकड्यांच्या कडेवर फुटलं, निम्मं इकडे निम्मं तिकडे, आणि दुसरा तुकडा घेताना प्रोग्रॅम पहिल्यातलं निम्मं विसरला? तिने मुद्दाम एक खोटी फाइल बनवली, नाव बरोबर कडेवर ठेवून. सापडलं. एक नाव दुसऱ्याच्या पोटात असेल तर? सापडलं. शेवटच्या ओळीत? पहिल्या ओळीत? एकापाठोपाठ एक, मधे जागा न सोडता? सापडलं, सापडलं, सापडलं. प्रत्येक वेळी तिची चिडचिड वाढत गेली. तीन महिने ज्याने रडवलं ते आज, चूक दाखवायच्या दिवशी, एखाद्या हुशार पोरासारखं सगळी उत्तरं बरोबर देत होतं. चूक सापडली असती तर किती बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता येते.

फोन आला, लखनदादाचा. "घावला का नंबर? वकील म्हनतो साडेअकराला टायपिंगवाला जेवाया जातो."

"बघते रे."

"आठ दिस झाले बगतीस."

"मग तू ये आणि बघ!" ती ओरडली, आणि त्याने फोन ठेवला. लखनदादा वाईट नव्हता. वडील हरवले तेव्हा चाकणला कंपनीत रात्रपाळी करत होता, त्याला आठ दिवसांनी कळलं, आणि ते आठ दिवस त्याने अजून कुणाला माफ केले नव्हते, स्वतःला तर नाहीच.

अकराला मोठी माय आली. तिने जिना चढून झाल्यावर भिंतीला हात लावून दम घेतला, पिशवी खाली ठेवली, आणि ऑफिसभर नजर फिरवून पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसली. नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आजच्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं लावलेलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने हळूच विचारलं, "ऋतू, अंगठा केला की हे तिथंच पुसायचं का गं? का घरी जाऊन?"

"मला काय माहीत, मोठी माय!" ऋतुजाचा आवाज चढला. तिला कळलं की तो चढायला नको होता. पण ती बाई हे असं विचारत होती, जसं काही एसटीच्या पासबद्दल विचारावं, आणि उत्तर जगात कुणाला तरी ठाऊक असेलच अशा भरवशाने. ऋतुजा खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसली. मशीन बरोबर, मजकूर बरोबर, यादी बरोबर. मग उरलं काय? "मला एक सांग. त्या दिवशी चौकीत तू काय काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? मानूस गेलता, त्यो आला न्हाई, आसं."

"नाव कसं सांगितलंस? गहिनीनाथ म्हणून, का गैनाथ?"

मोठी मायनं पदर पुढे ओढला. म्हातारीच्या चेहऱ्यावर, साठीच्या बाईच्या चेहऱ्यावर, लाज आली. "मी कशी सांगू?"

"म्हणजे? मग कुणी सांगितलं? दादा होते ना बरोबर?"

"तुजा बाप मेंढरांपाशी. लखन तकडं. मी एकलीच गेलते. त्यो लिव्हणारा म्हनला, नाव सांग. मी म्हनलं, लखनचा बाप. पुन्ना म्हनला, नाव सांग. म्या सांगितलं, लखनचा बाप. चांगला मानूस हुता. हासला, आन् घेतलं लिवून. च्या बी पाजला."

ऋतुजाला काही नवं कळलं नव्हतं, हेच भयंकर होतं. तिच्या जन्मापासून हे तिच्यासमोर चाललं होतं. रेशनच्या दुकानात, मतदानाच्या खोलीत, दवाखान्यात, नवऱ्याचं नाव विचारलं की मोठी माय मान फिरवायची आणि जी कुणी जवळ असेल ती, शेजारची सून, ऋतुजाची आई, कधी फ्रॉकमधली ऋतुजाच, पुढे होऊन सांगायची: गहिनीनाथ. कुणीतरी असायचंच. एका लग्नात बायकांनी धरून बसवलं, उखाणा घे, तेव्हा मोठी मायनं तोंडात पदर कोंबून असं काही पुटपुटलं होतं की सगळ्या हसत सुटल्या आणि नाव कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ऋतुजा स्वतः हरिओमला बाजारात लांबून नावाने हाक मारायची, सासू कितीही डोळे वटारो. आणि यादी करताना तिने तांडा आठवला, बाजार आठवला, व्यापारी आठवले. जो कागद शोधायचा तो सांगणारी बाई तेवढी आठवली नाही. त्या दिवशी चौकीत बाकाच्या या बाजूला नाव सांगायला कुणीच नव्हतं. एक फ्रॉकमधली पोर असती तरी चाललं असतं.

तिने वळून यादीत नवी नावं घातली. लखनचा बाप. लखनचे बाप. लखनचे वडील. लखन याचे वडील. लखनचे पप्पासुद्धा घातलं, का कोण जाणे. आणि सुरू केलं.

एक ओळ आली.

नंबर होता, तारीख होती. बेपत्ता इसम: लखन याचे वडील. वय अंदाजे पंचावन्न, रंग सावळा, उजव्या कानात बाळी, अंगावर घोंगडी, डाव्या हाताची करंगळी वाकडी. चालताना तोंडाने आवाज करतात. हेसुद्धा त्या चांगल्या माणसाने लिहून घेतलं होतं. खाली शेरा: सर्व ठाण्यांस व शेजारील जिल्ह्यांस वर्णन कळविले. कळवलं होतं. ऋतुजाने तो शेरा पुन्हा वाचला. नऊ वर्षं आठ जिल्ह्यांतले लोक लखन याचे वडील या माणसाला शोधत होते. समजा कुठल्या दवाखान्यात, कुठल्या आश्रमात एका म्हाताऱ्याने आपलं नाव नीट, स्पष्ट सांगितलं असेल, गहिनीनाथ म्हणून. तिथल्या कारकुनाने कागद उलटे केले असतील, आणि असा माणूस कुणी शोधत नाहीये म्हणून वही मिटली असेल. ती वही तिच्या मजकुरात नव्हती. तिच्या मजकुरात नसलेल्या वह्या कितीतरी होत्या. लखनदादाने तीनदा ठाण्यात जाऊन बापाचं नाव टाकलं होतं. स्वतःचं टाकलं असतं तर निघालं असतं.

"काय गं?" मोठी माय स्टुलावरून उठली होती. "घावला?"

"घावला."

"मंग इतके दिस का न्हाई घावला?" ती टेबलाशी आली. पडद्यावरच्या ओळीकडे बघत राहिली, जणू बघून बघून ती वाचता येईल. मग खालच्या आवाजात, "म्या नाव घेतलं न्हाई, म्हनून का?"

खाली सर म्हणत होते की शेकडा नफा नेहमी खरेदीवर काढायचा. ऋतुजाला एकदम इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या चहा पाजणाऱ्या चांगल्या माणसाचा, मेंढरांपाशी थांबलेल्या दादांचा, चहापत्तीचा, या बाईचा, जी एवढ्या गर्दीच्या प्रवासातून येऊन बरोबर तेवढंच विचारत होती जे विचारायला नको होतं. हो म्हणणं सोपं होतं. हो हेच खरं होतं. आणि हो म्हटलं की ही बाई कोर्टात जाईल, अंगठा करेल, कुंकू पुसेल, आणि मरेपर्यंत स्वतःच्या जिभेला दोष देत राहील.

"छे," ऋतुजा म्हणाली. "त्याचा काही संबंध नाही. मशीनमध्येच चूक होती. माझ्या हातची. आत्ता सापडली."

तीन महिन्यांत तिने ही कबुली अर्जुनरावांना एकदाही दिली नव्हती. मोठी माय तिच्या तोंडाकडे बघत होती. हळूहळू तिचे खांदे खाली आले, पदर डोक्यावरून घसरला तो तिने सावरला नाही. ऋतुजाला वाटलं, झालं, एवढं तरी नीट झालं. तिने नंबर कागदावर लिहायला घेतला.

"म्हंजी," मोठी माय म्हणाली, सावकाश, एकेक शब्द तपासून घेत, "मशीन खराब हुतं म्हनून हे दिसत नव्हतं."

"हो."

"मंग लखनच्या बापाचं बी तसंच ऱ्हायलं आसंल की कुठं. मशीनीला दिसलं नसंल."

ऋतुजाचा हात थांबला. "तसं नसतं, मोठी माय."

"कसं नसतं? हे नव्हतं दिसत, आता दिसलं. तूच म्हनलीस." तिचा आवाज पहिल्यांदा मोठा झाला. "दुरुस्त केलंस ना? पुन्ना बग समदं. पैल्यापासनं."

फोन वाजला. ऋतुजा उचलायच्या आत मोठी मायनं तो उचलून कानाला उलटा लावला, मग सुलटा केला. "लखन? मी हाय. आरं मशीनच बिघडलं हुतं. ऋतूचीच चूक झालती, ती म्हनती. आता पुन्ना बगायलीय. ... न्हाई. मी न्हाई येत. वकिलाला म्हनावं म्होरची तारीक घे. ... आरं बाबा, मशीनच धड नव्हतं तर मी कशी सांगू शपथंवर, खबर न्हाई म्हनून? खोटं हुईल की ते." तिने फोन ऋतुजाकडे दिला.

"ऋते," लखनदादाच्या मागे कोर्टाच्या आवारातली गर्दी होती. "काय सांगितलंस तू माज्या मायला?"

तिला त्याला खरं सांगता आलं असतं, इंग्रजी शब्द घालून, मोठी मायला कळणार नाही असं. तिने तोंड उघडलं. समोर मोठी माय दोन्ही हात टेबलावर ठेवून उभी होती, आणि नऊ वर्षांत ऋतुजाने तिला इतकी ताठ उभी पाहिली नव्हती. "पुढची तारीख घे दादा," ती म्हणाली. मग त्याने एक शिवी हासडली, तिला नाही, कुणालाच नाही, आणि फोन बंद केला.

"चालव," मोठी माय म्हणाली. "किती टाइम लागतो गं समदं बगायला?"

सगळा मजकूर, सगळी नावं धरून, एका फेरीला अकरा सेकंद लागायचे. अकरा सेकंदांनी पुन्हा तेच दिसणार होतं, आणि या बाईला ते दाखवायची ऋतुजाच्यात ताकद नव्हती.

"लई दिवस लागतील, मोठी माय," ती म्हणाली.

"लागू दे," मोठी माय म्हणाली, आणि पंख्याखालची खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.